मखमलीची उलटी लव

माझी मोठी जाऊ आमच्या शिवणकारखान्यात कटिंग मास्टर आहे. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणतात, मी ताई म्हणते. मी तिथेच काज-बटणाच्या मशीनवर बसते. म्हणजे घरी तीच आणि कामावरही तीच! तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा जेवढा हक्क मला आहे, तेवढा थोरल्या दिरांनाही नाही.

ताई आमच्याशी गोड बोलायची. स्वतःशी मात्र असं बोलायची की ऐकवत नसे. खडूची रेघ जराशी सरकली की, "डोळे फुटले का गं तुझे?" घरी दूध उतू गेलं की, "डोक्यात नुसता भुसा भरलाय." हा भुसा मुळात जुन्या मास्टरचा. अकरा वर्षं ती त्याच्या हाताखाली होती आणि अकरा वर्षं तो तिला हेच ऐकवत होता. तो निवृत्त झाला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. कसलं काय! मास्टर गेला आणि त्याच्या शिव्या ताईच्या तोंडात मुक्कामाला आल्या.

"ताई, मला कुणी असं बोललं असतं तर मी त्याच्या झिंज्या उपटल्या असत्या," मी एकदा म्हटलं.

"अगं, स्वतःला टोचून घेतलं की माणूस ताळ्यावर राहतं," ती म्हणाली. मला काही ते पटलं नाही.

त्यात कटिंगचं टेबल तिला तात्पुरतंच मिळालं होतं. मालकांचा मेव्हणा नुकताच कटिंगचा कोर्स करून आला होता आणि मालकीणबाई रोज मालकांचे कान भरत होत्या. शेवटी मालक म्हणाले, "मखमलीची ऑर्डर बिनचूक गेली तर टेबल तुमचं. नाहीतर त्याचं." हे ऐकून मेव्हणा असा हसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऑर्डर होती गाणाऱ्यांच्या एका मंडळाची. चाळीस कोट, गडद निळे, शुक्रवारी द्यायचे. मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका दिशेने हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर खरखरीत. आणि लव उलटी असली की तोच निळा रंग काळपट दिसतो. म्हणून कोटाचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे. पण कापड जेमतेम होतं. ताईने जागा वाचवायच्या नादात लव विसरून बाह्यांच्या मापाचे कागद उलटे बसवले. साध्या कापडात तिचं कौतुक झालं असतं. सोमवारी दहा कोट कापले, मंगळवारी आणखी दहा.

बुधवारी सकाळी काजं करायला मी पहिला तयार कोट खिडकीशी नेला आणि तशीच ताईकडे पळाले. अंग निळं, बाह्या काळपट!

ताईने कोटावरून तळवा फिरवला. मग सुरू झाली, "भुसाच आहे. तुझी लायकीच नव्हती. टेबल हवं होतं ना बाईला, टेबल!" मशिनं एकेक करून थांबली. तेवढ्यात मला हळूबाई दिसली. ती बाह्या जोडते. आवाज इतका बारीक की तिला हळूबाईच म्हणतात. ती पदरात तोंड घालून रडत होती.

"मला सोमवारीच दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?" मी ओरडले.

"मागे एक कॉलर तिरकी गेली, तर बाई दिवसभर जेवल्या नाहीत. सांगवेना हो मला. आणि ज्या स्वतःला एवढं बोलतात, त्या मला काय सोडणार?"

ताईने हातातला कोट टेबलावर ठेवला.

"म्हणजे दहा कोट माझ्या हाताने गेले," ती म्हणाली, "आणि दहा माझ्या तोंडाने."

मग ती स्वतःशी बोलू लागली. पण माझ्या मुलीला ताप आला की तिच्याशी बोलते ना, त्या आवाजात. "चुकलं. मोठं चुकलं. बरं, आता बघ काय हातात आहे ते." तिने उरलेलं कापड अंथरलं आणि कागदांची सगळी मांडणीच फिरवली. आता अंगं उलटी आली, बाह्या सुलट. नव्या बाह्या जुन्या अंगांना लावायच्या, जुन्या बाह्या नव्या अंगांना. वीस कोट एका छटेचे, वीस दुसऱ्या छटेचे, आणि कापड एक वीतही जास्त नाही. मंडळाच्या बाईंना तिने स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, पाहिल्याशिवाय काही सांगत नाही.

मालकांना कळायला कितीसा वेळ लागतोय! मेव्हण्याला घेऊनच आले. त्याने आपली नवी कात्री ताईच्या टेबलावर ठेवली.

"अक्कल गहाण ठेवली होती का?" मालक कडाडले. "सगळ्यांसमोर म्हणा, मला जमत नाही. आणि व्हा मोकळ्या."

"चूक माझी आहे, ते हजार वेळा म्हणेन," ताई म्हणाली. "जमत नाही, हे म्हणणार नाही. अकरा वर्षं म्हटलं, आता बस्स. टेबल घ्यायचं तर शुक्रवारी घ्या. तोवर इथे माझीच कात्री चालेल."

शप्पथ सांगते, मला शिट्टी मारावीशी वाटली. जोडलेल्या बाह्या उसवताना आमच्या बोटांची चाळण झाली, पण कुणी कुरकुर केली नाही. मधेच ताईच्या तोंडून "भुसा" निघाला की आम्ही सगळ्या ओरडायचो, "मास्टर आले वाटतं!" आणि ती जीभ चावायची.

शुक्रवारी मंडळाच्या बाई आल्या. कोट उजेडात धरून पाहिले, लव चाचपली, दोन्ही छटा शेजारी-शेजारी लावल्या. आमचा जीव टांगणीला. शेवटी म्हणाल्या, "काळपट मागच्या रांगेला, निळे पुढच्या. चालेल." आणि कोट घेऊन गेल्या.

मेव्हण्याशेजारी उभे असलेले मालक घुटमळले. "ठीक आहे, राहू दे टेबल तुमच्याकडे. पण पुन्हा चूक झाली तर?"

"होईल की," ताई म्हणाली. "पण त्याच दिवशी कळेल."

"कसं कळेल?"

इतक्यात मागच्या मशीनवरून असा आवाज आला की मेव्हणा दचकलाच.

"बाई, इकडे या!" हळूबाई गळा ताणून ओरडत होती. "डावी बाही उजवीकडे लावली मी!"

ताईने टेबलावरची मेव्हण्याची कात्री उचलून त्याच्या हातात दिली आणि हसत तिकडे गेली.