तरटावरचा भंडारा

माझे चुलते, आप्पा, आता नव्वदीला टेकलेत. मोठं म्हणावं असं चित्र त्यांनी आयुष्यात एकच काढलं. वडगाव रासाईची भीमा, दाराएवढ्या तरटावर, गवंड्याच्या थापीनं. नदी म्हणून ओळखू येईल असं त्यात काही नाही. काळे, तांबडे, राखाडी रंग अंगात आल्यासारखे थापलेत, आणि मधोमध हातभर पिवळं. अमूर्त अभिव्यक्तिवाद, असं मी वर्गात पोरांना सांगते. गाव मात्र विचारायचं, ह्यात नदी कुठंय?

ते पिवळं म्हणजे जवसाच्या तेलात कालवलेला भंडारा. आमची माणसं मूळची मेंढरं राखणारी. कळप नदीत घालायच्या आधी काठावर भंडारा उधळायची. म्हणून आप्पांना नळीतला पिवळा रंग नकोच होता. मुंबईच्या कलाशाळेतले त्यांचे सर म्हणाले, हळद ती, चार वर्षांत उडून जाईल. आप्पा तिथंच भांडले, शिक्षण अर्धं टाकून गावी आले आणि चित्र वडगावच्या शाळेला देऊन टाकलं. सत्तर वर्षं झाली, पिवळं तसंच. येईल त्याला आप्पा हे ऐकवायचे. सर चुकले, एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस जगला. ऐकून ऐकून माझे कान किटले होते, खोटं कशाला बोलू.

यंदा त्या शाळेची जुनी इमारत पाडायची ठरली आणि चित्र घेऊन जा म्हणून फोन आला. जायचं कुणी? मीच. रोज आप्पांची अंघोळ, औषधं, मग एसटीनं पाटसला जाऊन माझी शाळा, आणि रविवार मिळाला तर तोही असा. टेम्पोत घालून चित्र कासुर्डीला घरी आणलं. वर धुळीचा थर. आप्पा दुपारचे आत झोपलेले. मी चित्रकलेची बाई, मला सगळं कळतं ना! ओलं फडकं घेतलं आणि पुसलं.

पिवळं सगळं फडक्यावर आलं. खाली नुसतं तरट.

वडगावच्या शाळेच्या जुन्या शिपाईमामांना फोन लावला. ते अगदी सहज म्हणाले, "बाई, त्यो भंडारा आम्हीच लावायचो, दर चंपाषष्ठीला. माझ्याआधी माझा बाप लावायचा. देवाची जागा, कोरडी ठिवायची व्हय?"

म्हणजे सर बरोबर होते. आता हे आप्पांना कोण सांगणार? ह्या एका पिवळ्यापायी त्यांनी मुंबई सोडली, पुन्हा चित्र काढलं नाही. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. शेवटी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी आणली आणि बोटानं भराभर लावून टाकलं.

आप्पा उठून आले. डोळे अधू, म्हणून नाक टेकेल इतके जवळ गेले. पिवळ्यावर बोट ठेवलं, ते डोळ्यांशी धरलं, मग हुंगलं.

"उडाला हुता नव्हं?"

मग मी सगळंच सांगितलं. शिपाईमामा, त्यांचा बाप, माझं फडकं. आप्पा खाटेवर बसले. आता हा माणूस कोसळणार, असं वाटून मी समोर नुसती उभी. उन्हात फिरून माझंही डोकं दुखत होतं.

"ती माणसं दरसाल लावायची?" त्यांनी विचारलं. "कुणी न सांगता?"

"व्हय, आप्पा."

ते पुन्हा उठले, चित्रापाशी गेले.

"लई पातळ लावलंस तू," म्हणाले. "आण ती डबी हिकडं."

डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी भंडाऱ्यात बोट बुडवलं आणि त्यांचं कोपर धरून मी उभी राहिले.