दुसऱ्याचं नख

स्कीच्या कडेला धार आहे की नाही हे बघायची एक साधी पद्धत आहे. अंगठ्याचं नख कडेवरून आडवं ओढायचं. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे. त्यासाठी सगळे जण आपलं नख वापरतात. आमच्यातले एक साहेब मात्र दुसऱ्याचं वापरायचे.

दुकानात शेजारी जो कुणी उभा असेल त्याचा हात धरायचे, अंगठा कडेवर दाबायचे आणि सर्रकन ओढायचे. मग भुग्याकडे बघत म्हणायचे, "निघालं का? गेनाऊ, बरोब्बर. आता बोल, झेपेल तुला?"

जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमच्याच मोटारींच्या कंपनीत ते चॅसीस विभागात होते. माझ्या बरेच वर, आणि ते विसरू न देणारे. हिवाळ्यात आम्ही चार मराठी कुटुंबं आल्प्समधल्या अल्गॉयला स्कीइंगला जायचो. कुणाच्या पायात कोणती स्की जाणार हे ते ठरवायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण काढणार तरी कोण?

त्यांना कळत होतं, हे मात्र मान्य करायला हवं. "तेरा मीटर रेडियसची स्की सतत वळायला बघते. अठराची सरळ पळते, वेग असेल तरच तुझं ऐकते. आत धातूचा पत्रा असला की ती बर्फावर थरथरत नाही, पण वाकवायला पायात दम लागतो. आधी तुझा उतार सांग, तुझा वेग सांग, मग स्कीचं बघू." इतकं स्वच्छ मला कुठल्याही दुकानदाराने सांगितलेलं नाही. त्याच श्वासात ते पुढे म्हणाले, "तुला रुंद आणि मऊ द्यायला सांगतो. तुझ्यासारखीच." दुकानातली बाई मराठी नसूनही हसली.

एका नव्या पोरगेल्या इंजिनियरने त्यांना न विचारता ऑनलाइन सेलमध्ये रेसची स्की घेतली. त्याला त्यांनी सगळ्यांसमोर उतारावरून खाली यायला लावलं आणि तो पडत-धडपडत खाली पोचेपर्यंत खणखणीत आवाजात समालोचन केलं. तो पुन्हा आमच्याबरोबर आला नाही. आता बॅडमिंटन खेळतो.

वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं काम वेगळं होतं. खालच्या स्टेशनाजवळ बाहेर एक लाकडी बाक आहे. तिथे सगळ्यांचे बूट आणि डबे ठेवून ते म्हणायचे, "बस इथे. डबे बघ." आणि लिफ्टकडे निघायचे. त्या बसायच्या. थालीपिठं, चिवडा आणि डब्यावर डोळा ठेवून असलेले डोंगरी कावळे. असे दोन हिवाळे गेले.

तिसऱ्या हिवाळ्यात वहिनींनी पाच-सहा वर्षांच्या जर्मन पोरांबरोबर शिकवणी लावली. नवऱ्याने खूप चेष्टा केली. चौथ्या-पाचव्या हिवाळ्यात चेष्टा थांबली, कारण भाड्याच्या स्कीवर वहिनी त्यांच्यापेक्षा नीट वळत होत्या. बर्फावर दोन बारीक, स्वच्छ रेघा मागे राहायच्या. आम्ही सगळे त्या रेघा बघायचो.

मग एकदा दुकानात वहिनींनी एका स्कीवर हात ठेवला. कंबर अरुंद, आत धातू, रेडियस तेरा.

"अहो, ही मला चालेल का?"

स्वतःची स्की असावी, एवढंच त्यांना हवं होतं. ते आले, वहिनींचा अंगठा धरला आणि कडेवरून ओढला. जोर जास्त झाला, की तेवढाच द्यायचा होता, देव जाणे. नखाबरोबर कातडंही निघालं. "बघितलंस? ही चुका माफ करत नाही. तुला माफ करणारी लागते. भाड्याचीच बरी." वहिनींनी पर्समधून रुमाल काढून अंगठ्याला गुंडाळला. मला त्या माणसाचा त्या दिवशी संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

स्वतःसाठी त्यांनी त्याच दिवशी रेसची स्की घेतली. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा म्हणून बूट पकडणाऱ्या बाइंडिंगचा स्क्रू वजन, वय आणि तरबेजपणा बघून लावतात. पन्नाशी उलटली की तो थोडा सैल ठेवतात. दुकानातल्या बाईने वय विचारलं. "एकोणपन्नास," ते म्हणाले. घरी केलरमध्ये, म्हणजे तळघरात, माझ्यासमोर त्यांनी तो आणखी आवळला. ड्रॉइंगवर बोल्ट किती आवळायचा ते लिहिलं नसेल तर अख्खं ड्रॉइंग परत पाठवणारा माणूस. "हे आकड्यांचे तक्ते बायकापोरांसाठी असतात," म्हणाले.

ते वेगात पडले असते तर त्यांना तेवढं तरी समाधान मिळालं असतं. त्याच हिवाळ्यात एकदा दिवस संपताना, पोरांच्या सपाट उतारावर, जवळजवळ उभ्या उभ्या ते वहिनींना त्यांचं वळण कसं चुकतं ते सांगत होते. सांगता सांगता मागे कलले आणि हळूच आडवे झाले. स्की सुटली नाही. गुडघा सुटला.

बचावपथकाचा माणूस आला. त्याने बाइंडिंगवरचा आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि वय विचारलं.

"एकोणपन्नास," ते दात आवळून म्हणाले.

"चौपन्न," वहिनी शांतपणे, शुद्ध जर्मनमध्ये म्हणाल्या.

"आल्झो, असं तर," तो माणूस म्हणाला आणि त्यांना स्लेजवर बांधू लागला. त्या संध्याकाळी हॉटेलात आम्ही भरपूर जेवलो.

डॉक्टरांनी त्यांचं स्कीइंग कायमचं बंद केलं. पुढच्या हिवाळ्यात वहिनींनी दुकानात एकटीने जाऊन तीच अरुंद स्की आणली. धार लावायला मात्र ती नवऱ्याकडेच आली, कारण आमच्या सगळ्यांच्या स्कीला धार तेच लावायचे आणि आता तेवढंच उरलं होतं. केलरमध्ये स्टुलावर बसून, पाय लांब करून, ते कानशीने कड घासायचे. लावायचे उत्तम. मी एकदा वर बोलवायला गेलो तर कडेवर फुंकर मारत होते आणि चेहरा इतका मऊ होता की मी तसाच परत फिरलो.

अल्गॉयला तेही आले. घरी एकटे काय करणार? बाकावर बसले, शेजारी काठी, भोवती बूट आणि डबे. दुपारी वहिनी वरून आल्या, त्याच दोन बारीक रेघा काढत, आणि बाकासमोर थांबून त्यांनी स्की काढली.

"अहो, धार बघायची आहे."

त्यांचे डोळे चमकले. स्की मांडीवर घेतली आणि मी शेजारी उभा होतो, तर सवयीने माझा हात धरला.

"भाऊजींचं नको," वहिनी म्हणाल्या. "तुमचं द्या."

त्यांनी नवऱ्याचा अंगठा धरला, कडेवर दाबला आणि ओढला. घाई नव्हती. पांढरा भुगा निघाला, मग लाल.

"निघालं का?"

"निघालं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

"मग ठीक आहे. बसा इथे. डबे बघा."

वहिनी स्की चढवून लिफ्टकडे गेल्या. त्या हिवाळ्यानंतर ते कधी आमच्याबरोबर आले नाहीत, वहिनी येतात. मीही त्या दिवशी लिफ्टकडे निघालो आणि एकदाच वळून पाहिलं. ते अंगठा तोंडात धरून बसले होते, मांडीवर चिवड्याचा डबा होता आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला कावळा येऊन बसला होता.