हौसाक्कासमोर उमेदवार

थोरामोठ्यांची वादसभा भरलेली असते आणि कोपऱ्यात बसलेलं एखादं साधं माणूस एकच प्रश्न विचारून ती सभा गप्प करतं. या घाटाची कथा आपल्याकडे फार जुनी आहे आणि फार दूरवर पसरलेली आहे. प्रश्न विचारणारा कुठं गुराखी असतो, कुठं कुंभारीण, कुठं राजाच्या मुदपाकखान्यातली मोलकरीण. वाद घालणारे कुठं पंडित असतात, कुठं प्रधान. कोल्हापूर भागात अलीकडे रूढ झालेल्या रूपात पंडितांच्या जागी निवडणुकीचे उमेदवार आले आणि गुराख्याच्या जागी भाजीवाली. शिरोळकडे मी ही कथा ऐकली तेव्हा उमेदवार पाच होते आणि भाजीवाली कृष्णाकाठची होती. मुरगुडात ती आठवडी बाजारात बसते आणि उमेदवार दोनच असतात. शिवाजी पेठेत तर सांगणारा प्रत्येक जण ती आपली सख्खी मावशी असल्याचं शपथेवर सांगतो!

एक किस्सा सांगितला की ऐकणाऱ्याला दुसरा आठवतो, दुसऱ्याच्या पोटातून तिसरा निघतो, आणि काही वर्षांनी मूळ माणूस त्या ढिगाखाली दिसेनासा होतो. अभ्यासकाला तो सहसा सापडत नाही. मला सापडला, कारण मूळ बाईला मी ओळखत होतो.

तिचं नाव हौसाक्का. पेठेलगतच्या एका छोट्या मंडईत ती वांगी आणि गवार विकायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ओव्या टिपून घ्यायला तिथं जाऊ लागलो. तिच्या शेजारी पालेभाजी घेऊन सुशीला बसायची. ती वयानं लहान, मॅट्रिक झालेली. तिच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारलेला, आणि घरात वाचनाची सवय तेव्हापासूनची. फाटकाशी मेहबूबभाईंची रिक्षा उभी असे. पुढचे सगळे किस्से या तिघांच्या सहवासातले आहेत.

* * *

पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मंडईतल्या बायका सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब घेत नव्हत्या. शेजारी भरलेली बादली असे, पण ती भाजीवर शिंपडायला. मी चहा मागवला तर हौसाक्का म्हणे, "ऱ्हाऊ द्या. घरला गेल्यावर घेतो."

मी वहीत 'बाजारकरणींचं निर्जळी व्रत' असं शीर्षक लिहिलं, तपशिलासाठी दोन पानं मोकळी सोडली आणि अदबीनं विचारलं, "आक्का, हे व्रत कोणत्या देवाचं?"

तिनं वांगी रचणं थांबवलं.

"दर पाच वर्सांनी मूर्ती बदलत्यात न्हवं, त्या देवाचं!"

सगळ्या बायका हसल्या. मी व्रताचं उद्यापन कधी असतं ते विचारणार, तेवढ्यात मेहबूबभाईंनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. "सर, वही मिटा. मंडईत बायकांसाठी मुतारी न्हाय. पाणी प्याल्या तर जाणार कुठं?"

ती दोन पानं माझ्या वहीत आजही कोरी आहेत.

* * *

त्यानंतर आलेल्या महापालिकेच्या निवडणुकीत तालमीतल्या मंडळींनी उमेदवारांचं 'आमनेसामने' ठेवलं. आमच्या भागात तीन उमेदवार. एक पैलवान, एक वकील, आणि तिसरे साहेब. साहेब नेमके कशाचे साहेब, हे कुणालाच सांगता येत नसे. त्यांची जीप मोठी होती. हे तिघं पुढं बारा-तेरा वर्षं एकमेकांविरुद्ध लढत राहिले, आणि एकमेकांच्या लग्नाकार्यालाही गेले नाहीत.

हौसाक्का पहिल्या रांगेत बसली होती. मंडईतल्या बायकांचा विषय निघाला. वकिलांनी दहा खोल्यांचं स्वच्छतागृह जाहीर केलं. पैलवानांनी वीस खोल्यांचं. साहेबांनी आकड्यांच्या फंदात न पडता "अत्याधुनिक" असं सांगून टाळ्या घेतल्या!

हौसाक्का उठली. "धा नगं, ईस नगं, एक द्या. फकस्त मंडईत कुठं बांधणार ती जागा सांगा. दारातनं आत शिरल्यावर डाव्या अंगाला का उजव्या?"

वकील म्हणाले, डाव्या. पैलवान म्हणाले, उजव्या. साहेबांनी दोघांकडे पाहून "मधोमध" असं सांगितलं.

"डाव्या अंगाला पाण्याची हिर हाय," हौसाक्का म्हणाली. "उजव्या अंगाला मारुती हाय. आन मधोमध मी बसतो!"

लोककथेतली कूटप्रश्न घालणारी राजकन्या उत्तर मनात लपवून ठेवते. इथं काहीच लपवलेलं नव्हतं. पायांनी चालत जाऊन पाहता येईल असंच उत्तर होतं. एवढ्या साध्या प्रश्नानं एवढी परीक्षा घेता येते, हे पाहून मी मनोमन हात जोडले.

* * *

पुढं घरोघरी केबल आली. उमेदवारांचे वाद मंडईसमोरच्या चहाच्या टपरीतल्या टीव्हीवर दिसू लागले. टपरीत गर्दी, आणि तिघंही पडद्यावर एकाच वेळी ओरडत होते.

"आवाज बंद कर रं त्यो," हौसाक्का टपरीवाल्याला म्हणाली.

"आक्का, मग कळणार काय?"

"ऐकून बगिटलं की इतकी वर्सं. काय कळलं? आता नुसतं बघू."

आवाज बंद झाला. पाच-सात मिनिटं सगळी टपरी मुकी माणसं पाहत राहिली. पैलवान मूठ आपटत होते, वकील चष्मा काढत होते आणि घालत होते. हौसाक्का पदर तोंडाशी धरून एकटक बघत होती. मग ती हळूच सुशीलाला म्हणाली, "सुशे, टेबलावरचं गिलास बघ. तिघंबी घटाघटा पित्यात. कसं बिनघोर पित्यात बघ!"

सत्ता म्हणजे काय यावर मी बरंच वाचलं आहे. त्या वाक्याइतकं थोडक्यात कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

* * *

एका निवडणुकीत आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. तिघांनीही आपापल्या पत्नींना उभं केलं. 'आमनेसामने'च्या दिवशी मंचावर पुढच्या खुर्च्यांत तिघं नवरे, मागच्या खुर्च्यांत तिघी उमेदवार!

हौसाक्कानं विचारलं, "पैलवान, उभारलंय कोण?"

"आमच्या मंडळी."

"मग बोलतंय कोण?"

"मी त्यांच्या वतीनं बोलतोय, आक्का."

"व्हय व्हय. मग उद्याच्याला आमच्या वतीनं मंडईत बसा. सकाळी सहाला या. काय खावा-प्यावा, पर जाग्यावरनं उठायचं न्हाय."

मागच्या रांगेत तिघी एकदम हसल्या. तिघं नवरे एकदम वळले. तोवर एक पत्नी पंख्याकडे पाहत होती, दुसरी हारातली फुलं मोजत होती, आणि साहेबांच्या मंडळींना खोकल्याची उबळ आली होती.

* * *

त्या खेपेला साहेबांच्या मंडळी निवडून आल्या, आणि मंडईच्या मागच्या बाजूला खरोखर एक खोली उभी राहिली! वर संगमरवरी पाटी. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले, आणि फोटो निघाल्याबरोबर साहेबांच्या माणसानं दाराला कुलूप घातलं.

"कुलूप कशापायी?" हौसाक्कानं विचारलं.

"वापरलं की घाण होतंय, आक्का. नवंकोरं हाय."

"साहेबांच्या घरला बी असंच कुलूप असतंय का?"

माणूस निघून गेला. हौसाक्कानं सुशीलाकडून पाटी वाचून घेतली. "किती नावं हायत?"

"अकरा."

"आन आत जागा?"

"एक."

"मग बरुबर हाय. त्या अकरांचंच भागलं म्हंजे मिळवली!"

वर्षभरात रस्ता रुंद करताना ती खोली पडली. पाटी मात्र साहेबांनी अगोदरच काळजीपूर्वक उतरवून घरी नेली होती.

* * *

आता जे सांगायचं त्यात हसण्यासारखं काही नाही. दोन हजारनंतरच्या एका उन्हाळ्यात सुशीला आठ दिवस दिसली नाही. मेहबूबभाईच तिला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले होते. मुतखडा; आणि हा दुसऱ्यांदा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, तासातासाला प्यायचं, आणि जमत नसेल तर मंडई सोडायची. सुशीलाची दोन्ही मुलं शाळेत होती. घर त्या पालेभाजीवरच चाललेलं.

परत आली ती रिकाम्या हातानं. "आक्का, माझी जागा दुसरीला द्या. मी आता बसत न्हाय."

हौसाक्कानं हातातली गवार खाली ठेवली.

"एक निवडणूक थांब," ती म्हणाली.

प्रचाराला आलेल्या साहेबांना तिनं सुशीलाचं दुखणं सांगितलंही. साहेब म्हणाले, "आक्का, इतकी वर्षं चाललंयच की."

"चाललं न्हाय ओ साहेब. धरून बसलोय!"

सुशीला आजही त्याच जागी पालेभाजी विकते, तिच्या टोपलीशेजारी पाण्याची बाटली असते, आणि मंडईत बायकांसाठी मुतारी आहे, बिनकुलपाची. हे कसं झालं, त्याची कथाच शिरोळपासून मुरगुडापर्यंत सांगितली जाते. मी ती डोळ्यांनी पाहिली तशी सांगतो.

* * *

त्या वर्षीचं 'आमनेसामने' बायकांनी मंडईतच बोलावलं. साठ बायकांची साठ घरं, म्हणजे मतं किती, हे तिघांनाही ठाऊक होतं. तिघंही आले. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं. भिंतीला टेकून तीन खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर पेंटरनं नुकतेच तिन्ही उमेदवारांचे चेहरे रंगवले होते, हसतमुख, हात जोडलेले. खुर्च्यांच्या तिन्ही बाजूंना टोपल्या आणि टोपल्यांमागं बायका.

"पावणं, तिघं मिळून पैल्यांदाच दारात आलाय," हौसाक्का म्हणाली. "ताक घ्या."

पैलवानांनी पेला एका दमात संपवला आणि तोंडभर कौतुक केलं. वकिलांना मागं राहून चालणार नव्हतं. साहेबांनीही घेतलं. तेवढ्यात दुसरी बाई पेला घेऊन आली. मग तिसरी.

"तिच्या हातचं घेतलासा. आमच्या हातचं चालत न्हाय व्हय?"

मतदाराच्या हातचा पेला नाकारणारा उमेदवार अजून कोल्हापुरात जन्मला नाही! पैलवानांचे सात पेले झाले. वकिलांचे आणि साहेबांचे पाच-पाच.

मग सुशीला कागद घेऊन उभी राहिली. "प्रश्न एकवीस हायत. तिघांनीबी सगळ्यांची उत्तरं द्यायची. आक्काची एकच अट हाय. शेवटचा प्रश्न व्हायच्या आत जो उठंल, त्यो हरला!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात पैलवानांनी वाजवल्या.

मला वाटलं होतं, पहिला प्रश्न तोच असणार. तो नव्हता. पहिला गटारीचा, दुसरा मोकाट कुत्र्यांचा, तिसरा रस्त्यातल्या खड्ड्यांचा. तिघंही खुशीत लांबलचक बोलले. सहाव्या प्रश्नाला साहेबांनी पायावर पाय टाकला. आठव्याला तो बदलला. नवव्या प्रश्नाला वकिलांनी एका शब्दात उत्तर दिलं. वकिलांना मी दहा-बारा वर्षं ऐकत होतो. एका शब्दात ते कधी खोकलेसुद्धा नव्हते!

"सावकास सांगा की," हौसाक्का म्हणाली. "आमाला काय घाई न्हाय."

अकराव्या प्रश्नाला पैलवानांच्या कपाळावरून घाम निथळू लागला. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची घट्ट धरली होती. बाराव्याला वकील त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजले. पैलवान साहेबांकडे झुकले. आयुष्यात प्रथमच त्या तिघांचं एकमत होत असल्याचं दिसत होतं. तिघांनी वळून मागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचे तिघं त्यांच्याकडे पाहून हसत होते, हात जोडून.

साठ बायकांतली एकही हसत नव्हती.

तेरावा प्रश्न वाचून झाला. मग पैलवान म्हणाले, "आक्का..."

"बोला, पैलवान."

"हितं जवळपास... काय सोय?"

"न्हाय," हौसाक्का म्हणाली.

सुशीलानं चौदाव्या प्रश्नासाठी कागद वर धरला. तिघंही एकाच क्षणी उठले. जिपा पार कोपऱ्यावर, टोपल्यांच्या रांगांपलीकडे होत्या. फाटकाशी एकच रिक्षा उभी होती. साहेब आधी शिरले, मग वकील, आणि दोघांच्या मध्ये, जागा नसताना, पैलवान.

मेहबूबभाईंनी मीटर टाकलं.