आम्ही सेलूतच बसलो होतो

आकाशाकडे बघत नोकरी करणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. आमचे बहुतेक चुकीच्या जागी बघितल्याचे आहेत.

आमच्या कॉलेजने एक छोटा उपग्रह सोडला होता. मेश्राम सर, नंदा आणि मी, तिघं मिळून त्याचा माग काढायचो. सरांनी तो स्वतः जुळवलेला. "याचा शेवटचा आवाज मीच ऐकीन," असं ते पहिल्या दिवसापासून म्हणायचे.

* * *

सुरुवातीला अँटेना सेलूला होता, कापसाच्या जिनिंगला लागून. तिथल्या मशीनच्या घरघरीत बोलणंसुद्धा ओरडून. मग अँटेना घेऊन आम्ही पिपरी मेघेला आलो आणि आम्ही काढलेली उपग्रहाची कक्षा रोज चुकायला लागली. सॉफ्टवेअर तपासलं, वायरी बदलल्या. शेवटी कळलं, कॉम्प्युटरमध्ये आमचा पत्ता अजून सेलूचाच होता!

सर म्हणाले, "तो जागेवरच हाये. आपणच सेलूत बसून राह्यलो."

* * *

उपग्रह एका सेकंदात सात किलोमीटर जातो, म्हणून घड्याळ चुकलं की सगळं गणित चुकतं. एकदा मी अर्धा तास उशिरा पोचलो.

"काऊन रे, तो समुद्र ओलांडून गेला," सर म्हणाले. "तू पिपरीतूनच आला ना?"

* * *

अचूकता वाढावी म्हणून दुसरा अँटेना नंदाच्या घरी, रोहण्याला गच्चीवर तिरपा लावला. आठवडाभर काहीच मिळेना. नंदाने आईला फोन केला.

"तुही काडी तिरपी झालती," आई म्हणाली. "म्या दगड लावून सरळ उभी केली."

* * *

दोन्ही अँटेना नीट चालले आणि कक्षा एकदम बरोबर यायला लागली. तेव्हाच दिसलं की उपग्रह खाली येतोय. त्याच सुमारास सरांच्या घशाचा रिपोर्ट आला.

"तपासणी चांगली झाली का बातमी वाईट येते," सर म्हणाले. त्या दिवशी कुणीच डबा उघडला नाही.

* * *

उपग्रहाच्या शेवटच्या दिवशी सर दवाखान्यात होते. दुपारी तो आमच्यावरून जाणार होता. नंदाने सरांना फोन लावून स्पीकरजवळ धरला.

वेळ झाली. नुसती खरखर. वेळ टळून गेली, तरी खरखरच. तो आधीच जळून गेला असणार. पलीकडे सरांचा श्वास ऐकू येत होता. मला ते सहन होईना. पहिल्या दिवशी सेलूला त्याचा आवाज आला, तेव्हा मी मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. तोच फोनजवळ लावला. टीं... टीं... टीं...



"मागं जिनिंग चालू हाये," सर म्हणाले.

नंदाने माझ्याकडे पाहिलं. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," सर म्हणाले. "चालू ठेव."