टांग्याच्या धुरा

टांग्याच्या पुढच्या दोन लांब दांड्यांना बाबा धुरा म्हणायचे. स्टेशनवरचे बाकीचे टांगेवाले हसायचे. बैलगाडीतला शब्द घोड्याला कशाला, म्हणायचे. पण बाबा मांजरी गावच्या शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी घोडा घेतला, शब्द जुनाच ठेवला.

कॉलेजात संस्कृत शिकल्यावर मी त्यांना सांगितलं, की मूळ शब्द धुर्, म्हणजे ओढणाऱ्या जनावराच्या खांद्यावर येतो तो भाग. त्यावरूनच जबाबदारीला धुरा म्हणू लागले आणि ती पेलणाऱ्याला धुरंधर. बाबा घोड्याकडे वळून म्हणाले, "काय धुरंधर, चारा खाल्लात का?" पुढे कित्येक दिवस घोड्याला अहोजाहो चाललं होतं.

घोडा सोडल्यावर धुरा भुईला टेकू द्यायच्या नाहीत, हा आमच्या घरचा नियम. बाबा घोडा सोडायचे आणि आई खाली लाकडी टेकू लावायची. कितीही दमली तरी ते काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

बाबा गेले. टांगा पार्किंगमधून हलवा, असा सोसायटीचा तगादा सुरू झाला. एका लग्नाच्या लॉनवाल्यानं तो सजावटीसाठी मागितला. आईनं एवढंच सांगितलं, की धुरा खाली टेकवू नका. तो हो म्हणाला. टांगा गेला तेव्हाही आई रडली नाही. बाबा गेल्यापासून ती रडलीच नव्हती, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती.

गेल्या महिन्यात त्याच लॉनवर भाचीचं लग्न होतं. टांगा सोनेरी रंगवलेला आणि धुरा चिखलात. आईनं पदर खोचून धुरा उचलल्या, मी खाली कुंडी सरकवली. मग आम्ही जेवायला गेलो.

परत आलो तर कुंडी गायब. फोटोत वाईट दिसते म्हणून फोटोग्राफरनं काढायला लावली होती. आईनं पुन्हा धुरा उचलली आणि या वेळी हातात धरूनच उभी राहिली. नवरा-नवरी शेजारी खोळंबले होते.

"आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय," फोटोग्राफर म्हणाला.

"होते की," आई म्हणाली. "हे घोड्याला पाणी पाजायला गेलेत. आले की होते."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. मग ती रडली, सगळ्या वऱ्हाडासमोर, पण हातातली धुरा सोडेना. मी दुसरी धरली.