वज्रीने घासलेले गुडघे

मिस्त्रीच्या दोन्ही गुडघ्यांवर काळे, जाड घट्टे होते. जन्म फरश्या बसवण्यात गेला, तोही गुडघे टेकून, घट्टे पडणारच. घरात कुणाला त्यांचं काही वाटत नव्हतं. पण गुडघे दुखायला लागले म्हणून गाठलेल्या व्यायामोपचार केंद्रात शेजारच्या पलंगावर गोरेपान पाय पसरून बसलेले निवृत्त हेडक्लार्क दिसले आणि मिस्त्रीची पँट गुडघ्याखालीच अडली. व्यायाम शिकवणारी मुलगी त्याच्या लेकीच्या वयाची. तिने पँटवरूनच गुडघा चाचपला.

"काका, काम काय करता?"

"सुपरवायझर."

शब्द तोंडातून निसटला तो निसटला. हेडक्लार्क कौतुकाने वळले. "म्हणजे खुर्चीवरचं काम, साहेब. आमच्यासारखंच."

"हो, तसंच."

मग मुलीने खुर्चीवरच्या माणसाचे व्यायाम दिले. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची, पाय सरळ उचलून धरायचा. "आणि गुडघ्यांवर बसायचं नाही. तुम्हाला तशी वेळ येत नाही म्हणा." मिस्त्रीने मान डोलावली. दिवसभर तो गुडघे टेकून लोकांच्या घरी फरश्या बसवी आणि संध्याकाळी इमानेइतबारे टॉवेल दाबी. दुखणं हटायचं नाव घेईना. ठेकेदाराने विचारलंच, "मिस्त्री, उठताना भिंत धरायला लागलात. पुढचं काम झेपेल, की दुसरा बघू?"

मुलगीही चक्रावली. "पुढच्या वेळी मशीनचे पॅड लावू. पँट पूर्ण वर घ्यावी लागेल हं, काका."

झालं. आदल्या दिवशी मिस्त्री टाचा घासायची वज्री घेऊन मोरीत बसला. बायकोने दार वाजवलं. "अहो, आत काय फरशी घासताय?" वज्रीने भागेना, तेव्हा त्याने फरशीच्या कडा घासायचा आपला दगड घेतला.

दुसऱ्या दिवशी तो लंगडत निघाला, तशी बायको न विचारता सोबत आली. मुलीने पँट वर केली. गुडघे सोलून निघाले होते आणि काळे डाग तसेच होते.

"हे काय, काका? यावर पॅड कसे लावू? पडलात का?"

"पडलो."

"पडतायत कसले! घट्टे घासत बसले होते," बायको म्हणाली. "फरश्या बसवतात ते. सांगितलं नाही? मग इतके दिवस इथे इलाज कुणाचा चाललाय?"

हेडक्लार्कांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. केंद्रातली एखादी फरशी उचलून खाली शिरता आलं असतं तर मिस्त्री शिरला असता.

"माझंच चुकलं," मुलगी म्हणाली. "गुडघा पहिल्याच दिवशी उघडून बघायला हवा होता." ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

जखमांवर पट्ट्या लावून तिने जमिनीवर उशी टाकली. "कामाला कसे बसता ते दाखवा."

तो सगळ्यांदेखत गुडघ्यांवर बसला.

"सगळा भार उजव्यावरच टाकताय. डावा पाय पुढे घ्या, तळवा टेकवा. अधूनमधून पाय बदलायचा. आता उठा. भिंत नको."

दात-ओठ खात तो उठला. भिंत धरावी लागली नाही.

"छान. जखमा भरेपर्यंत सुट्टी. मग उशी घेऊनच कामाला बसायचं."

वर्तमानपत्र जरा खाली आलं. "मिस्त्री," हेडक्लार्क म्हणाले, "आमच्या मोरीतली एक फरशी हलते. बघाल का?"

"बघतो," तो म्हणाला, आणि आधी गुडघ्यांवर गुंडाळलेली पँट खाली सोडली.