बाळाबाईंची छावणी

बाळाबाई शेडगे माण तालुक्यातल्या. लहानपणी दुष्काळ पडला की गावची जनावरं चारा छावणीत जायची, आणि त्यांच्यामागे बाळाबाई आणि त्यांची आई. महिनोन्‌महिने तिथंच राहायचं. लग्न होऊन त्या नवी मुंबईत आल्या. नवरा जोतीराम वाशीच्या मार्केटात माथाडी. ऐरोलीसमोर, ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्यांची वस्ती. तिथं पंचवीस वर्षं त्या शेळ्या पाळत होत्या.

यंदा मार्चमध्ये एका दुपारी डोंगरावर वणवा पेटला आणि वाऱ्याबरोबर खाली आला. पोलिसांची गाडी भोंगा वाजवत फिरली. पंधरा मिनिटांत वस्ती रिकामी करा, बस उभी आहे. माणसांना शाळेत नेणार होते. जनावरांचं कोणी बोललं नाही.

बाळाबाई बसमध्ये चढल्या नाहीत. स्वतःच्या अकरा शेळ्या सोडल्या आणि मग शेजारच्या गोठ्यांतली दावी कापत सुटल्या. कोंबड्या टोपलीत कोंबल्या, एक मांजर उशीच्या अभ्र्यात घातलं. शेवटचा गोठा भगवानचा. तो दूध घालायला गेला होता आणि त्याची म्हैस साखळीनं बांधलेली. साखळी सुटेपर्यंत दाराबाहेरचं गवत पेटलं होतं. म्हैस त्यातूनच धावली, मागं रेंगाळलेली दोन-तीन बोकडंही.

रस्ता ओलांडून एका सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर सगळी जनावरं थांबली. बाळाबाईंनी मोजली. कोंबड्या सोडून चौतीस.

सोसायटीचे सेक्रेटरी मधुकर वैद्य खाली आले. "अहो बाई, इथे नाही चालणार. लोक कम्प्लेंट करतील."

"करू द्या," बाळाबाई म्हणाल्या. "तुमचा गाड्या धुवायचा पाइप तेवढा द्या. ह्यांच्या पायांवर पानी मारायचंय. आत्ता नाय मारलं तर खुरं जातील."

मधुकररावांनी एका बोकडाचा काळवंडलेला पाय पाहिला. वर गेले आणि पाइप घेऊन आले. पुढचा अर्धा तास त्यांनीच तो धरला.

संध्याकाळपर्यंत छावणी उभी राहिली. शेळ्या एका बाजूला, मागोमाग आलेली वस्तीची कुत्री दूर बांधलेली, घाबरलेलं मांजर सोसायटीच्या रिकाम्या मीटर खोलीत. शाळेतून लोक आपापली जनावरं शोधत आले, तेव्हा बाळाबाईंनी प्रत्येकाला काम लावलं. आधी पाणी, तेही थोडं थोडं. चारा मागनं, आणि तो भिजवून. कोरड्या चाऱ्याची धूळ धुरानं सोललेल्या घशात जायला नको. गुरांच्या डॉक्टर ईश्वरी आल्या, जखमा धुतल्या, इंजेक्शनं दिली. "हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"आईनं," बाळाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी भगवानची म्हैस खाली बसली ती उठेचना. डॉक्टरांनी खुरं तपासली आणि भगवानला बाजूला घेतलं. "खुरं भरून येतील. पण एवढं वजन अंगाखाली राहिलं की पाय बधिर होतात. चार-पाच दिवस अशीच पडून राहिली तर कठीण आहे. तिला उचलायला हवं, आणि माझ्याकडे तशी सोय नाही."

भगवान बाळाबाईंकडे आला. "मावशी, सोडा आता. तिचे हाल नका करू."

बाळाबाईंनी जोतीरामला फोन लावला. "किती किलोचं वझं उचलता तुमी?"

"शंभराचं पोतं एकटा. का गं?"

"पाचशेचं हाय. जिवंत हाय. माणसं घेऊन या."

दुपारची पाळी सुटल्यावर टेम्पोतून बारा माथाडी आले. सोबत बारदानं आणि दोन जाड वासे. जोतीरामनं बारदानं दुहेरी करून म्हशीच्या पोटाखालून सरकवली, टोकं वाशांना बांधली, कोण कुठं धरणार ते ठरवलं. वासे खांद्यांवर चढले. म्हैस हंबरली, तिचे पाय लोंबकळत राहिले. बाळाबाई तिच्या तोंडाशी उभ्या राहून बोलत होत्या आणि भगवान खालून तिचे पाय चोळत होता. दहा मिनिटं धरली आणि हळूच खाली ठेवली.

"उद्या परत," जोतीराम म्हणाला.

चार दिवस रोज ते आले. दुसऱ्या दिवशीपासून सोसायटीतले लोकही वाशांना खांदा द्यायला लागले. ज्यांनी कम्प्लेंट लिहिली होती तेही. पाचव्या दिवशी वासे वर गेले आणि म्हशीनं मागचा उजवा पाय टेकवला. मग डावा. जोतीरामनं खूण केली, सगळ्यांनी वासे इंचभर खाली घेतले. बारदान सैल पडलं. म्हैस आपल्या पायांवर उभी होती. थरथरत होती, पण उभी होती. भगवाननं तिच्या मानेला मिठी मारली आणि गॅलऱ्यांमधून टाळ्या सुरू झाल्या. डॉक्टर ईश्वरी हसत डोळे पुसत होत्या.

तीन आठवड्यांनी वस्तीवर परतायची परवानगी मिळाली. डोंगर काळा पडला होता, पण बहुतेक घरं वाचली होती. सकाळी दहाला बाळाबाईंनी जनावरं पुन्हा मोजली. चौतीस होती, शिवाय आठवड्यापूर्वी जन्मलेली दोन करडं.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर वाहतूक पोलिसानं दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या. पुढे बाळाबाई, त्यांच्यामागे शेळ्या, आणि शेवटी भगवानची म्हैस, अजून थोडी लंगडत, अजिबात घाई न करता. एका बसवाल्यानं हॉर्न दाबला. पोलिसानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं इंजिनच बंद केलं.

म्हैस पलीकडे पोचेपर्यंत सगळा रस्ता थांबून राहिला.